न खाल्लेले लाडू

"खरं सांग, काय खाल्लंस?"

डॉक्टरांनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर उकळली, की साखर नसली तर औषध निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं होतं, आणि फार असली तर थेट विटकरी. प्रेमिलाची नळी नव्या कौलासारखी विटकरी झाली होती.

"काहीच नाही खाल्लं, डॉक्टर."

"मग ही साखर काय आभाळातून पडली?"

प्रेमिला खाली मान घालून ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. एकोणीस वर्षांची पोर, बी.एस्सी.ला होती. दिवाळीनंतर तिच्या लघवीत साखर निघाली आणि इन्सुलिनची सुई मागे लागली. तेव्हापासून दर खेपेला हाच प्रश्न आणि हीच खाली घातलेली मान. शेवटी ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "एक लाडू खाल्ला. बेसनाचा."

"हं! असं खरं बोलावं," डॉक्टर प्रसन्न झाले. "आता सुई थोडी वाढवू या."

बाजूच्या बाकावर बसलेल्या गोपिकाने चमकून प्रेमिलाकडे पाहिलं. ती प्रेमिलाची सख्खी आत्या, त्याच घरात राहणारी. लाडू घरात नव्हताच. प्रेमिलाच्या आईने, शामलाने, साखरेचा डबा कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली होती, आणि बेसन तर संक्रांतीपासून घरात आलं नव्हतं. न खाल्लेला लाडू कबूल करण्याची कला त्या घरात आजवर एकाच बाईला अवगत होती. ती बाई म्हणजे स्वतः गोपिका.

गोपिकालाही साखर निघाली ती याच वयात, टेलिफोन खात्यातल्या नोकरीसाठी तपासणी झाली तेव्हा. नोकरी कशीबशी मिळाली. ठरलेलं लग्न मात्र मोडलं. मुलाकडच्यांनी फार सभ्यपणे निरोप पाठवला, दिलेलं पातळही परत मागितलं नाही. साखरपुडा साखरेपायी मोडला, असं महाल भागातल्या बायका एकमेकींच्या कानात सांगत. ते गोपिकाच्या कानावर आलं तेव्हा तिला हसूच आलं, कारण रडून झालं होतं.

मग तिच्याही नळ्या विटकरी होऊ लागल्या. ती खरं सांगायची आणि कुणी विश्वास ठेवायचं नाही. डॉक्टर रागवायचे, आई देवापुढे बसून डोळे पुसायची. एकदा कंटाळून तिने सांगून टाकलं, "पेढा खाल्ला." काय आश्चर्य! डॉक्टर खूश झाले, आईचा जीव भांड्यात पडला, आणि अर्ध्या तासाची उलटतपासणी एका वाक्यात आटोपली. त्यानंतर गोपिका ऋतुमानाप्रमाणे कबुली देऊ लागली. श्रावणात पेढा, दिवाळीत करंजी, संक्रांतीला तिळगूळ. जन्मात एवढं गोड न खाता एवढं गोड कबूल केलेली बाई नागपुरात दुसरी सापडली नसती. प्रत्येक कबुलीबरोबर सुई मात्र वाढायची, आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलेलं असताना मधेच साखर पार उतरून अंगाला गार घाम फुटायचा, समोरचे दिवे नाचायला लागायचे. हातातली कॉर्ड कशीबशी भोकात खुपसत ती म्हणायची, "हॅलो, नागपूर ट्रंक."

रिक्षात बसल्यावर तिने प्रेमिलाला विचारलं, "काहून वं खोटं बोलली?"

"त्याशिवाय ते सोडतच नाहीत ना, आत्या. आई पण रडून राहिली रोज. खरं सांगून काय फायदा हाय, तूच सांग मले."

गेल्याच आठवड्यात पोर कॉलेजच्या प्रयोगशाळेत घामाघूम होऊन कोसळली होती. मैत्रिणींनी तोंडात साखर कोंबली तेव्हा शुद्धीवर आली. आणि आज सुई पुन्हा वाढली. असंच चाललं तर एखाद्या सकाळी हाक मारली तरी ती उठायची नाही. गोपिकाने स्वतःचं सगळं गुमान गिळलं होतं, पण हे तिला गिळवेना. रिक्षा महालाच्या गल्लीत वळेपर्यंत तिचं मन ठरलं होतं.

ऑपरेटरने लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं. पण लाईन नीट लागली की नाही हे बघायला क्षणभर कान द्यावाच लागतो, आणि कानाला काही झाकण नसतं. मेडिकल कॉलेजातल्या एक डॉक्टरीणबाई अधूनमधून वेल्लोरच्या मोठ्या इस्पितळात ट्रंक कॉल लावत. लाईन जुळता जुळता त्यांचं एखादं वाक्य गोपिकाच्या कानावर पडे. पिढ्यान्‌पिढ्या साखर उतरणारी घराणी त्या शोधत होत्या आणि त्यांना ती मिळत नव्हती. लोक सांगतच नाहीत, अशी त्यांची तक्रार असे. आपलं घराणं काही तसलं नाही, हे गोपिकाला ठाऊक होतं. तरी लघवीतल्या साखरेवर इतका जीव टाकणारी दुसरी कोण भेटणार? दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती प्रेमिलाला घेऊन मेडिकलला गेली.

डॉ. अरुंधती खानझोडे वयाने तिच्यापेक्षा बऱ्याच लहान निघाल्या. टेबलावर कागदांचा ढीग, त्यावर गार झालेला चहा. गोपिका दारातून म्हणाली, "नमस्कार, येऊ का आत?"

बाईंनी चटकन मान वर केली. "नागपूर ट्रंक?"

"हो," गोपिका लाजली.

"अहो, या, या! तुम्ही नसता तर माझं वेल्लोर कधी लागलंच नसतं. बसा."

एवढ्या वर्षांत तिच्या आवाजाला चेहरा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोपिका खुर्चीच्या कडेला टेकली आणि सगळं सांगून गेली, फक्त तिच्या स्वतःच्या पेढ्या-करंज्यांचं काही सांगितलं नाही. अरुंधतीबाई कागदावर चौकोन आणि गोल काढत ऐकत होत्या.

"घराण्यात आणखी कुणाला मधुमेह?"

"कुणालाच नाही. आमच्या घरात मीच पहिली, अन् आता ही."

"तुमचे वडील?"

"जिलबी खात खात म्हातारे झाले, जी. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. काही आजार नव्हता."

"आणि हिचे वडील? तुमचे भाऊ?"

"वसंता? ठणठणीत हाय. कोराडीला पॉवर हाऊसच्या ऑफिसात असतो. चहात तीन चमचे लागते त्याले."

अरुंधतीबाईंनी पेन खाली ठेवलं. आत्याला आहे, भाचीला आहे आणि मधला भाऊ ठणठणीत. त्यांना हे काही पटेना. घरातलं सगळ्यांत जुनं माणूस कोण, असं त्यांनी विचारलं. जुनं माणूस म्हणजे गोपिकाची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, कळमेश्वरला दिलेली यमुआत्या. तिला बोलावणं धाडलं, आणि सोमवारी पहिल्याच बसने यमुआत्या संत्र्यांची पिशवी घेऊन हजर झाली. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली, पण आवाज असा की एक्स्चेंजशिवाय कळमेश्वरहून नागपूरला ऐकू जावा.

मेडिकलच्या खोलीत तिने आधी कागदच न्याहाळला. "हे काय काढून राहिली वं माय?"

"तुमचं घराणं, आजी. हे तुम्ही, आणि हे तुमचे मोठे भाऊ दत्तोपंत."

"मी गोल, अन् दत्तूदादा चौकोनी? काहून?"

"बायका गोल, पुरुष चौकोनी."

"आमचा दादा तर चांगला गोल होता!"

प्रेमिला खुदकन हसली. किती दिवसांनी हसली होती पोर! अरुंधतीबाईही हसल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. कुणाला मधुमेह? छे. कुणाच्या जखमा चिघळत होत्या? छे. कुणी तरुणपणी गेलं? "आमच्याकडचे लोक मरतच नाही लवकर," यमुआत्या म्हणाली. "सुनांले विचारा." बाईंच्या चेहऱ्यावरची आशा मावळत चालली. अगदी शेवटी, विचारायचं म्हणून विचारावं तशा त्या म्हणाल्या, "आजी, लघवीला कधी मुंग्या यायच्या का कुणाच्या?"

यमुआत्या ताठ बसली. तिच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं.

"मुंग्या? अवं, आमच्या घराण्याले वरदान हाय मुंग्यांचं!"

"वरदान?"

"नाही तर काय! आमची आजी रोज सकाळी मुंग्यांले साखर-पीठ घालत होती. भर दुष्काळातबी चुकली नाही. तवा मुंग्या प्रसन्न झाल्या. म्हणूनच आमच्या मोरीले कायम मुंग्या. ज्या घरी मुंग्या त्या घरी लक्ष्मी. मी लग्न होऊन कळमेश्वरले गेली, तं पंधरा दिवसांत माह्या मागं मुंग्या आल्या! तिथच्या मोरीत पहिले एक नव्हती. सासूनं मोरीले हळदकुंकू वाहिलं. म्हणे, सून लक्ष्मी घेऊन आली. मले कधी कोणी वाकडं बोललं नाही, ते त्या मुंग्यायच्या पायी."

अरुंधतीबाईंचा हात कागदावर थांबला होता. "म्हणजे तुम्हाला. आणखी कुणाला?"

"आजीले होत्याच. माह्या बापाले होत्या. दत्तूदादाले तं अशा, की आंघोळीले बसाले जागा नाही. माह्या बहिणीले मात्र नाही आल्या कधी," ती हळहळली. "नसते एखाद्याच्या नशिबात."

"आणि वसंतराव?"

"वसंताले? तो पाळण्यात होता तवापासून! लंगोट वाळत घातला की हजर."

बाई एकेक चौकोन आणि गोल काळा करत गेल्या. आजी, वडील, दत्तोपंत, यमुआत्या, वसंत, गोपिका, प्रेमिला. बहिणीचा गोल तेवढा पांढरा राहिला. वरपासून खालपर्यंत एक पिढी सुटली नव्हती. गोपिका त्या काळ्या रांगेकडे बघत बसली. लहानपणापासून मोरीतल्या मुंग्यांवर पाय पडला तर ती नमस्कार करत आली होती. त्या घराच्या मुंग्या होत्या. देवघरातल्या घंटेसारख्या त्या होत्याच. तिला साखर निघाली तेव्हाही घरात कुणाला त्यांची आठवण झाली नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं ते मधुमेहाचं, मुंग्यांचं नाही.

त्यानंतर बाईंनी सगळ्यांची लघवी आणि रक्त एकाच वेळी तपासलं. वसंता आधी यायलाच तयार नव्हता. "मले काही झालं नाही, मी जेवून राहिलो, झोपून राहिलो," हे तो रोज सकाळी ऑफिसला जाताना कोराडीच्या बसमध्ये चढेपर्यंत ऐकवायचा. शेवटी प्रेमिला म्हणाली, "बाबा, माह्यासाठी," आणि तो मुकाट्याने मेडिकलला गेला. निकाल घ्यायला मात्र गोपिका एकटीच गेली, ड्युटीवर जाता जाता.

"हे बघा," अरुंधतीबाई म्हणाल्या, "तुमच्या घराण्याचा मधुमेह वेगळा आहे. सौम्य आहे. तरुणपणी दिसतो, आईबापांपैकी एकाकडून उतरतो, पण नेहमीच्या तरुण मुलांना होतो तसा जीवघेणा नाही. असल्या घराण्यांबद्दल विलायतेत अलीकडेच लिहून यायला लागलंय. का होतो, ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही." त्या थोडं थांबल्या. "तुमच्या बोर्डावर सगळ्या गावांच्या लाईनी असतात ना? पण कुठली केव्हा जोडायची, ते ऑपरेटर ठरवते. तसे पेशीतही सगळे हुकूम असतात, आणि कुठला केव्हा सोडायचा ते ठरवणारं कुणीतरी असतं. तुमच्या घरात इन्सुलिन आहे, लाईनही आहे. मला वाटतं, ऑपरेटर डुलक्या घेते."

"आमच्यात कुणी डुलक्या घेत नाही, जी!" गोपिकाच्या तोंडून गेलं.

"माफ करा," बाई हसू दाबत म्हणाल्या. "पण तिला जागं करणारी गोळी आहे. कदाचित सुई लागणारच नाही. प्रेमिलाला आणि तुम्हाला वॉर्डात ठेवून, रोज रक्त तपासत बघू या. घाई नाही करायची." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "आणखी एक. तुमच्या मूत्रपिंडांना धीर नाही. रक्तात साखर जराशी वाढली, की ती लगेच बाहेर टाकतात. रक्त जवळजवळ ठीक आणि नळी मात्र विटकरी. नळी पाहून सुई वाढवायची, हेच तुमच्या बाबतीत चुकलं. पोरगी पडली ती त्यामुळे. तिने काही खाल्लं नव्हतं."

गोपिकाने कागदावरच्या आपल्या काळ्या गोलावर बोट ठेवलं.

"अन् मी?"

"तुम्हीही नाही."

"म्हणजे, ते पेढे," ती म्हणाली आणि तिचा आवाज गेला. दिवसभर शेकडो लोकांशी बोलणारा तो आवाज, कधी अडखळला नव्हता. "मी सांगत होती ना, नाही खाल्ले म्हणून. कुणी ऐकूनच नाही घेतलं. मग मीच म्हणायले लागली, खाल्ले. करंज्या खाल्ल्या म्हटलं, लाडू खाल्ले म्हटलं. इतक्या वेळा म्हटलं, बाई, की मले वाटे, झोपेत उठून खातच असीन मी."

अरुंधतीबाई उठून तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "'नाही खाल्लं' म्हणालात तेच खरं होतं," त्या म्हणाल्या. "नेहमीच."

गोपिका रडली. पातळ परत न मागणाऱ्या त्या सभ्य माणसांसाठीही ती आज इतक्या वर्षांनी रडली, पण त्या रडण्यात राग नव्हता. कुणीतरी पाठीवरचं गाठोडं उतरवून घ्यावं तसं तिला वाटत होतं, आणि त्या पोरसवदा बाईंचे पाय धरावेत असंही.

"हे तेव्हाच कळलं असतं तर..." बाई पुटपुटल्या.

"तवा तुम्ही शाळेत असाल, फ्रॉकमध्ये," गोपिका डोळे पुसत म्हणाली. "कोण सांगणार होतं? आता कळलं ना, पोरीच्या वेळी. माझं सोनं झालं, बाई."

वॉर्डात सुई कमी होत होत सुटली. आधी प्रेमिलाची, आणि उन्हाळा लागायच्या आत गोपिकाचीही. रोज काचेची सिरिंज उकळायचं पातेलं आता दूध तापवायला लागलं. वसंतालाही गोळी मिळाली. चहातले तीन चमचे गेल्याचं दुःख त्याने घरादाराला पुरेपूर वाटून दिलं. प्रेमिला पुन्हा कॉलेजात जायला लागली. दारात उभी राहून तिच्या वाटेकडे बघणं शामलाने हळूहळू सोडलं. एक दिवस ती गोपिकाजवळ आली, कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातात ठेवली. तिचे डोळे भरले होते.

"वन्सं, मी पोरीच्या पिशव्या तपासत होती," ती म्हणाली.

"माय होतीस म्हणून," गोपिका म्हणाली. "माझी आई पण तपासत होती."

यमुआत्याला मात्र हे सगळं पटवणं जड गेलं. तिची स्वतःची साखर बेताची निघाली; पथ्यावर भागेल असं बाईंनी सांगितलं. पण तिचं दुखणं वेगळंच होतं. मे महिन्यात ती आली ती पिशवी खाली न ठेवताच थेट मोरीकडे गेली. मोरी कोरडी होती. फरशी नुसती स्वच्छ लखलखत होती.

"गेल्या वं," ती कळवळून म्हणाली. "घराण्याच्या मुंग्या गेल्या. रोगाच्या होत्या म्हणे त्या! माह्या सासूनं हळदकुंकू वाहिलं होतं त्यांले."

"रोगाच्या नव्हत्या, आत्या," गोपिका म्हणाली. "त्या सांगून राहिल्या होत्या. आपल्यालेच समजलं नाही. त्या होत्या म्हणून प्रेमिला वाचली."

यमुआत्याने विचार केला. "म्हणजे वरदानच होतं."

"वरदानच होतं."

म्हातारीचं समाधान झालं आणि ती चहा मागायला स्वयंपाकघरात गेली. गोपिका मोरीच्या उंबऱ्याशी उभी राहिली. इतक्या पिढ्या ज्या मुक्कामाला होत्या त्या न सांगता निघून गेल्या आणि घर जरा ओकंओकं झालं, असं तिला खरोखरच वाटलं. कुणाचं देणं राहून गेल्यासारखं.

तिने कपाट उघडलं. साखरेचा डबा तिने याआधी कधी स्वतःच्या हाताने उघडल्याचं तिला आठवत नव्हतं. चिमूटभर साखर आणि थोडं पीठ घेऊन ती मोरीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या फटीशी बसली आणि एक छोटी रेघ ओढली. "येत जा वं," ती हळूच म्हणाली. "आमच्या अंगातल्या साखरेच्या भरवशावर नका राहू आता."

थोड्या वेळाने फटीतून एक मुंगी आली, दाण्याला तोंड लावून परत गेली, आणि मग एकामागून एक येऊ लागल्या. ड्युटीची वेळ होत आली तरी गोपिका त्यांच्याकडे बघत बसून राहिली. उठताना तिच्या बोटाला साखरेचे चारदोन दाणे चिकटलेले दिसले. स्वयंपाकघरात यमुआत्या मोठ्याने काहीतरी सांगत होती, शामला हसत होती. इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गोपिकाने बोट तोंडात घातलं.

मग तिने पदराने हात पुसला, चपला घातल्या आणि एक्स्चेंजला जायला बर्डीची बस धरायला निघाली. आता बाईंनी 'काय खाल्लंत' म्हणून विचारलंच तर तिच्याजवळ सांगायला काहीतरी होतं, आणि ते खरं होतं.